एका वॉटर पंपासाठी नाना पेठेत चार हेलपाटे

"मॅडम, माल डिफेक्टिव्ह कुठंय? माल एकदम ओके आहे. तुमची गाडी वेगळी आहे."

हे वाक्य मला एका स्पेअर पार्टच्या दुकानात ऐकवलं गेलं त्याला आता तीन आठवडे झाले, पण अजून भांडी घासताना मधेच आठवतं आणि हात जोरात चालायला लागतो. म्हणून लिहून टाकते. कुणाला तरी उपयोग होईल, आणि झाला नाही तर माझं डोकं तरी हलकं होईल.

गाडी बाबांची. वॅगन आर, 2010 च्या पाडव्याला घेतलेली. गेल्या वर्षी पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. त्या आरटीओच्या कामाची मला धास्ती होती, ते कधी झालं कळलंसुद्धा नाही. या गाडीचं एक जुनं दुखणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बाबांनी मुहूर्त साधून मार्चमध्ये गाडी घेतली आणि एप्रिलमध्ये कंपनीने नवीन वॅगन आर आणली, नवं इंजिन, नवी बॉडी. "तरीच एवढा डिस्काउंट देत होते," असं बाबा पुढे कित्येक वर्षं म्हणायचे. त्यांचं हे रडगाणं मी कधी नीट ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

तर एका शनिवारी सकाळी बोनेटखाली थेंब थेंब हिरवं पाणी. तापमानाचा काटा वर चढायला लागला म्हणून गाडी तिथेच बंद केली. (हे मात्र लक्षात ठेवा: काटा चढताना "घरापर्यंत जाईल की" करू नका. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं तर पंपाच्या कितीतरी पट खर्च बसतो.) आमचा मेकॅनिक कर्वेनगरचा. त्याने वाकून बघितलं आणि सांगितलं, वॉटर पंप गेला. पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून कूलंट, म्हणजे ते हिरवं पाणी, ठिबकतं. त्याने बोटाने पुसून दाखवलं, पुन्हा थेंब आला.

"ताई, मी आणतो संध्याकाळी. सोळाशे धरून चाला. तुम्ही कशाला तंगडतोड करता?"

इथे माझ्यातला शहाणपणा जागा झाला. सोळाशेत ह्याचं कमिशन किती, असा हिशोब मनात सुरू झाला. नाना पेठेत स्वस्त मिळतं हे पुण्यात जन्मल्यापासून ऐकलेलं. म्हटलं, मीच आणते.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. मी गेले ते अकराच्या सुमारास, आणि तीच मोठी चूक. सकाळी दहा ते बारा ही मेकॅनिकच्या पोरांची वेळ. ग्रीसने काळे झालेले हात काउंटरवर टेकवून पोरं ओरडत असतात, "स्विफ्टचे फ्रंट पॅड!", "आय-टेनचा एअर फिल्टर, लिहून ठेवा खात्यावर!" त्यांचं रोजचं गिऱ्हाईक, त्यांची उधारी, त्यांचा महिन्याचा हिशोब. आपण एका पंपासाठी वर्षातून एकदा उगवणार. काउंटरवरचा माणूस आपल्याकडे का बघेल? मी वीस-पंचवीस मिनिटं पर्स छातीशी धरून उभी होते. शेवटी नजर पडली.

"हां मॅडम?"

"वॅगन आरचा वॉटर पंप."

"मिस्टर नाही आले? त्यांना फोन लावून द्या ना, मी बोलतो."

मिस्टरांना गाडीतलं इंजिन पुढे असतं एवढंच माहीत आहे. पण तिथे कुणाकुणाला काय सांगणार. मी म्हटलं, माझ्याशीच बोला.

"मॉडेल?"

"2010."

"सॅम्पल आणलंय?"

जुना पार्ट सोबत नेला की त्याला तिथे सॅम्पल म्हणतात. माझा पंप अजून इंजिनावरच होता. मग तो म्हणाला, या नंबरवर आरसी टाका. मी फोनमधून आरसीचा फोटो त्याच्या व्हॉट्सअपवर पाठवला. मान वर करते तोवर त्याने मागच्या पोराला हाक मारलीसुद्धा होती. मग मला विचारलं, "दहाची ना? के-सिरीज?" आणि मी, जिला के-सिरीज म्हणजे टीव्हीवरची मालिका वाटली असती, मान डोलावली. हे मी कबूल करते. मान डोलावली.

बॉक्स आला. वर एमआरपी 1,450. "बाराशे पन्नास द्या." मी बिल मागितलं. "बिल हवं तर अठरा टक्के वर." म्हणजे 1,475. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यामुळे 1,450 च्या बॉक्सवर 1,475 मागताच येत नाहीत, हा हिशोब मला रिक्षात बसल्यावर सुचला. दुकानात मात्र मी सव्वादोनशे रुपये वाचले म्हणून खूश होते. त्याने वहीचा एक चिटोरा फाडून त्यावर "वॅ.आर. 10 पंप 1250" लिहिलं आणि पुढे सरकवलं. मी फोनवरून पैसे दिले.

संध्याकाळी मेकॅनिकने जुना पंप काढून नवा शेजारी ठेवला. बोल्टची भोकंच जुळेनात. त्याने दोन्ही पंप असे हातात धरले जसे दोन वेगळ्या घरातले जावई, आणि माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला फार लागलं.

सोमवारी दुसरी खेप. "शेठ नाहीत. परत घ्यायचं तेच ठरवतात." कधी येतील? "बाजारात गेलेत." हे दुकानच बाजारात आहे, पण असो.

मंगळवारी शेठ होते. आणि इथे सगळं अडकलं. त्यांनी बॉक्स उलटापालटा केला. बॉक्सचं झाकण फाटलंय. मी म्हटलं, उघडल्याशिवाय बसवणार कसा? "बिल दाखवा." मी चिटोरा दाखवला. "हे बिल नाही मॅडम, हे एस्टिमेट आहे. यावर दुकानाचं नाव कुठंय?" नव्हतंच. मग मी घरून पाठ करून आलेलं काढलं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत माल परत घेतला नाही तर ती अनुचित व्यापारी प्रथा. आवाजही जरा चढवला. दोन मेकॅनिकची पोरं थांबून ऐकायला लागली.

शेठ शांत. तेव्हाच ते वरचं वाक्य आलं. माल डिफेक्टिव्ह कुठंय. आणि वाईट म्हणजे माणूस बरोबर बोलत होता. कायद्यातलं ते कलम सदोष मालाबद्दल आहे. माझा पंप उत्तम होता, फक्त दुसऱ्या गाडीचा होता. मी विचारलं, चुकीचा दिला कुणी? काउंटरवरचा म्हणाला, "मी विचारलं होतं, के-सिरीज का. मॅडम हो म्हणाल्या." मग तडजोड निघाली: वीस टक्के कापून उरलेल्या पैशांत दुसरा काही माल घ्या. मला दुसरा काय माल हवा होता? दोनशे पन्नास रुपये ह्यांना कशाबद्दल? मी बॉक्स उचलला आणि निघाले. रिक्षात रडू आलं नाही, पण फार लांब नव्हतं. एका खेपेला रिक्षाचे सव्वाशेच्या आसपास होतात, जाऊन-येऊन अडीचशे, म्हणजे ते कापून घेणार होते तेवढेच माझे रोजचे उडत होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर दाबून ठेवला होता, पण तिथे पहिलं विचारणार बिल आहे का. लावला नाही.

रात्री झोप येईना म्हणून फोन चाळत होते. त्या दुकानाला पाठवलेला आरसीचा फोटो समोर आला. शनिवार, 11.38. खाली दोन टिका. राखाडी.

उठून बसले. त्याने तो फोटो उघडलाच नव्हता! मागून घेतला आणि बघितलाच नाही. मग मी पहिल्यांदा स्वतः तो फोटो नीट वाचला. मॅन्युफॅक्चरिंग 02/2010. इंजिन नंबर सुरू होतो एफ-10-डी पासून. थोडी शोधाशोध केली तर उलगडलं: जुन्या वॅगन आरला 1061 सीसीचं एफ-10-डी, एप्रिल 2010 च्या नव्या गाडीला 998 सीसीचं के-10-बी. त्याच्या इंजिन नंबरची सुरुवातच के-10-बी ने होते. म्हणजे 2010 सांगून काही उपयोग नसतो, त्या एका वर्षात दोन गाड्या आहेत. बाबांचं रडगाणं शब्दशः आरसीवर छापलेलं होतं.

गुरुवारी गेले ती दुपारी तीनला. दुकान रिकामं. पिशवीत जुना पंप, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. काउंटरवरच्याला म्हटलं, शनिवारचा माझा मेसेज उघडा. तो "कुठला मेसेज" वगैरे करत होता, पण शेठ बाजूलाच बसले होते. त्याने फोन काढून उघडला. माझा फोन मी काउंटरवर उताणा ठेवला होता. दोन्ही टिका तिथेच निळ्या झाल्या. मी फक्त बोट ठेवलं. भांडले नाही, शपथ. शेठने चष्मा सरकवून आधी टिका बघितल्या, मग इंजिन नंबर, मग काउंटरवरच्याकडे बघितलं.

तेवढ्यात मागच्या स्टुलावरचे एक म्हातारे काका, जे मला आधीच्या तिन्ही खेपांना दिसले होते आणि मी त्यांना कुणाचे तरी वडील समजले होते, ते उठले. मला एवढंच विचारलं, "बेल्टवाली का चेनवाली?" मला उत्तर माहीत नव्हतं. या वेळी मान डोलावली नाही, जुना पंप पुढे केला. त्यांनी वर्तमानपत्र पुरतं सोडलंही नाही, एक कोपरा बघून म्हणाले, "बेल्टवाली." शिडी लावून माळ्यावर गेले, आणि खाली आले ते धुळीचा बॉक्स शर्टाला पुसत. दोन पंप काउंटरवर शेजारी ठेवले, भोकावर भोक. जुळलं. (एफ-10-डी ला टायमिंग बेल्ट, के-10-बी ला चेन. त्यांच्या एका प्रश्नात दोन्ही इंजिनं वेगळी होतात. असा माणूस स्टुलावर बसलेला असताना काउंटरवर कोण उभं करतात बघा.)

बदलून मिळाला. वीस टक्के कुणी काढले नाहीत. मी म्हटलं, आता पक्कं बिल. शेठने मुकाट्याने छापलं: 1,059.32, सीजीएसटी 95.34, एसजीएसटी 95.34, एकूण 1,250. शनिवारचे ते वरचे अठरा टक्के कुठे गेले, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता आठवतंय तसं सांगते. आरसीचा फोटो पाठवून थांबू नका, इंजिन नंबरची पहिली चार अक्षरं तोंडाने मोठ्याने वाचा. बॉक्स दुकानातच उघडून घ्या, पण कापून नव्हे, आणि किमतीचं लेबल फाडू नका. इलेक्ट्रिकल वस्तू, म्हणजे सेन्सर, कॉइल, रिले, ही दुकानं सहसा परत घेतच नाहीत, तिथे दुप्पट खात्री करा. मोटारीची डावी-उजवी बाजू सांगताना "ड्रायव्हर साइड" म्हणा, नाहीतर ते समोरून बघून डावी म्हणतात आणि आपण आत बसून. कंपनीच्या अधिकृत काउंटरवरही मी फोन केला होता. तिथे चेसिस नंबर घेतात आणि चूक होण्याची शक्यता कमी, पण माझ्या पंपाला चार-पाच दिवस लागतील म्हणाले. माझे तसेही पाच गेले. आणि दुपारी जा. तीन ते पाच.

मेकॅनिकने पंप बसवला, काटा मधल्या रेषेखाली स्थिर आहे. मजुरी देताना त्याने विचारलं, एकूण कितीला पडला? मी बाराशे पन्नास म्हटलं. रिक्षाचे हजार सांगितले नाहीत.

फॅन बेल्टला चिरा गेल्यात, तोही बदला म्हणाला. म्हटलं, तूच आण.