मामांचं चावीचं इंजिन

मामांनी जुन्या पंच्यातून खेळण्यातलं इंजिन काढलं आणि त्यांचा हात थेट चावीकडे गेला. मी ओरडलोच, "मामा, चावी नका देऊ!" साठ-सत्तर वर्षं घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये बसलेली स्प्रिंग तुटली, तर जाताना गिअरचे दातही घेऊन जाते.

लिव्हरपूलच्या हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांच्या ब्रँडचं, दुसऱ्या महायुद्धाआधीचं इंजिन. आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. 1946 साली त्यांनी ते कुणाकडून तरी जुनंच घेतलं. मामा तेव्हा सहा वर्षांचे.

पत्रा ठणठणीत निघाला. छपरावर थोडा गंज, धक्का झेलणारा एक बफर वाकलेला, बस. खरं दुखणं चाकांचं. ही ओतीव चाकं जस्ताच्या मिश्रधातूची. त्यात शिशाचा अंश राहून गेला असेल, तर धातू आतल्या आत कुजत जातो. चाक फुगतं, केसाएवढ्या चिरा पडतात. मागचं डावं चाक मी नखाने नुसतं दाबलं, तर कडेचा तुकडा खारी बिस्किटासारखा सुटून हातात आला. इथे चिकटवाचिकटवी करू नये, फुगणं थांबत नाही. चारही चाकं इंग्लंडहून मागवली. असे सुटे भाग अजून बनवणारी माणसं तिथे आहेत, देव त्यांचं भलं करो.

इंजिनाचा खोका उघडायचा म्हणजे पत्र्याच्या जिभल्या सरळ करायच्या. एकदा, फार तर दोनदा वाकतात, तिसऱ्यांदा तुटतात. त्यामुळे लागतील तेवढ्याच, आणि हळूहळू. यंत्र रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं, ब्रशने घासलं, प्रत्येक आसाच्या टोकाला शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब. नवी चाकं बसवताना दोन्ही आसांवरची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या खिळ्यांचा कोन जुळवण्यात अख्खा रविवार गेला. जरा चुकलं की दांडा अडतो आणि इंजिन लंगडतं.

"आता नवा रंग मारून टाक," मामा म्हणाले. मी नाही म्हटलं. चावीच्या भोकाभोवती रंग गोल खरवडला गेलाय, चावीचा पंख घासून घासून. तो गोल मामांनीच काढलाय. त्यावर ब्रश फिरवायला माझा हात धजावत नाही.

32 मिलिमीटर अंतराचे रूळ दिवाणखान्यात मांडले. आधी अर्धाच पीळ दिला, मग पुरती चावी. साडेतीन फेऱ्या झाल्या. चौथीत वळणावर वेग मंदावला, तोच मामांनी इंजिन उचललं, केबिनमधला ब्रेकचा दांडा न बघता अंगठ्याने ओढला आणि परत चावी भरायला घेतली.