मामांनी छाटलेली वेल

द्राक्षाच्या काडीचा कोळसा करताना आधी पांढरा दाट धूर येतो, मग तो विरळ होतो आणि धूर थांबला की आतलं काम झालं असं समजायचं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चांगल्या वाळलेल्या काड्या घ्यायच्या, साल सोलायची, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात त्या उभ्या गच्च भरायच्या. झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडायचं आणि डबा गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवायचा. आत हवा शिरली तर काडीची राख होते. पुरता गार होण्याआधी डबा उघडला तरी तेच. युरोपातले चित्रकार वेलीचा कोळसा शतकानुशतकं वापरत आले आहेत, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यात तर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधाबांधावर पडलेले असतात. मला मात्र एकाच बागेच्या काड्या हव्या होत्या.

ती बाग आमची. निफाड तालुक्यात, कादवेच्या बाजूला, मांडवावरची थॉमसन जातीची द्राक्षं. एकामागून एक अवकाळी पावसाचे हंगाम गेले, औषधांचा खर्च वाढत गेला आणि शेवटी आबांनी बाग काढली. ट्रॉली भरली जात होती तेव्हा मी काड्यांचे भारे, दोन-तीन खोडं आणि माळ्यावरच्या फवारणीच्या वह्या उचलून नाशिकला आणल्या. आई-आबाही आता माझ्याकडे इंदिरानगरला राहतात. त्याच इमारतीत तळमजल्यावरचा एक गाळा मी कामासाठी घेतला आहे.

नाशिकच्या चित्रकलेचं नाव निघालं की लोकांना गोदाघाट आठवतो. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी तो घाट घरोघरी पोचवला, आणि शिकत असताना आम्हीही रामकुंडावर बोर्ड घेऊन बसलो. पण माझ्या डोळ्यांत लहानपणापासून जी रेघ भरली आहे ती घाटाच्या पायरीची नाही. ती मांडवाखाली मान वर करून पाहिलेल्या काड्यांची आहे. पानं झडलेली वेल म्हणजे आभाळावर काढलेलं रेखाटनच असतं. म्हणून गेली काही वर्षं मी तेवढंच काढते आहे. काढते म्हणजे नुसता कोळसा नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेचे जाड कागद गव्हाच्या खळीनं एकमेकांना जोडते. बाइंडिंगवाल्यांसारखा त्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकते, कसर लागू नये म्हणून. मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो हे बुरशीवरचं औषध, आमच्या बागेचा कायमचा वास. फवाऱ्याचे निळसर डाग पडलेली पानं तर वह्यांत मुळातच आहेत, ती तशीच चिकटवते. आणि गेरू. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून प्रत्येक डोळ्याला जी पेस्ट लावतात, तिच्यात आमच्याकडे गेरू कालवायचे, कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते दिसावं म्हणून. सगळी बाग लाल ठिपक्यांची व्हायची. ते ठिपके माझ्या प्रत्येक चित्रात येतात.

आबांच्या वह्यांत तारीख, प्लॉट, औषध, लिटर, मजुरी, एवढंच असतं. चांगलं झालं, वाईट झालं असा एक शब्द कुठे नाही. निर्यातीच्या मालाला या नोंदी लागतातच, पण त्या लागत नव्हत्या तेव्हापासून आबा लिहीत आले. मी ज्या चित्रावर काम करत होते, सहा फूट उंच आणि नऊ फूट रुंद, त्याच्या मध्यावर 2010 च्या हंगामाचं एक पान होतं. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेच्या वर सापडले आणि माल अडकला. गावात त्याला सीसीसी म्हणतात. शेंडा थांबावा आणि ताकद डोळ्यात जावी म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ते मारत असत. आमच्या घराचं त्या वर्षी काय झालं ते मी सविस्तर लिहिणार नाही. घरात बोलणं कमी झालं होतं आणि आबांचं अक्षर बारीक झालं होतं, एवढं पुरे. त्या पानावर मी काड्यांवर काड्या काढत गेले होते. साधा वेलीचा कोळसा पुरेना, म्हणून डिंक घालून दाबून केलेला, विकतचा काळाकुट्ट कोळसा घासला होता. मला तिथे काळोख हवा होता.

ऑक्टोबरातली सकाळ होती. आबा आईला घेऊन बँकेत गेले होते. गाळ्याच्या दारात मामा उभे राहिले. मामा म्हणजे नात्यानं नव्हे. पेठ तालुक्यातून छाटणीला दरवर्षी जी टोळी आमच्याकडे यायची तिचे ते मुकादम, आणि आम्ही भावंडं त्यांना मामाच म्हणायचो. दिंडोरीकडे छाटणी चालू होती, एक दिवस खाडा करून ते आबांना भेटायला आले होते. हातात नागलीच्या पिठाची पिशवी. मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. भिंतीकडे बघत राहिले.

"विहिरीकडची ओळ ना ही, ताई?"

मी थक्क झाले. चित्रात विहीर नाही, बांध नाही, काहीच नाही. नुसती खोडं, खोडाला फुटलेले आडवे ओलांडे, काड्या आणि तारा. "खोड वाकलंय ना इथं," ते म्हणाले, "ट्रॅक्टर लागला होता याला. सुतळीनं बांधलं होतं मी." मी ते खोड फोटोवरून काढलं होतं. त्याची गोष्ट मला माहीत नव्हती.

मग ते जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. चित्रांच्या प्रदर्शनात माणसं असं करतात, पण त्यांचं बघणं वेगळं होतं. ते ओळीच्या एका टोकापासून वेल धरून पुढे सरकत होते. मध्यावर, त्या काळ्या भागापाशी, थांबले.

"ही छाटायची राहिली. आत ऊनच जात नाही इथं. एवढ्या काड्या ठेवल्या तर घड जिरतील, सगळ्या बाळ्या होतील."

ज्यांनी बाग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. वेलीच्या डोळ्यात जो अंकुर तयार होतो त्याचा पुढे घड होणार की बाळी, म्हणजे तारेला वेटोळं घालणारा तो तंतू, हे आधी ठरलेलं नसतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीवर ऊन किती पडलं, वेलीत अन्न किती साठलं, त्यावर ते ठरतं. ढगाळ वर्ष गेलं, काड्यांची गर्दी झाली, की ऑक्टोबरात डोळे फुटतात पण घड दिसत नाहीत. म्हणून तर छाटणीआधी शेतकरी काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात. घड आणि बाळी मुळात एकच. मला हे लहानपणापासून माहीत होतं, तरी कोळशानं काळा केलेला भाग आणि सावलीत राहिलेली काडी या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. मी दुःख म्हणून काळं केलं होतं. मामांना तिथे उन्हाची वाट बंद झालेली दिसली.

मी विचारलं, "तुम्ही असता तर कुठल्या काढल्या असत्या?"

"हात लावू?"

"लावा."

वेलीच्या कोळशात चिकट काहीच नसतं. तो कागदाच्या खडबडीत अंगावर नुसता टेकलेला असतो आणि बोट फिरवलं की उठून येतो, मागे राखाडी छाया तेवढी राहते. मी फडकं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. उजव्या हाताचा अंगठा काडीच्या बुडाशी टेकवायचा, क्षणभर वर-खाली बघायचं आणि एका झटक्यात शेंड्यापर्यंत ओढायचा. मनगटाची वळण्याची पद्धत कात्रीचीच होती. जी ठेवायची त्या काडीवर गाठ शोधायचे, मी काढलेली गाठ, आणि तिच्यापुढचा भाग पुसून टाकायचे. जिथे मी गाठ काढली नव्हती तिथे विचारायचे, "सबकेन कुठं केलं होतं याचं?" म्हणजे शेंडा खुडून पुढची फूट कुठून घेतली होती, आणि मी कोळशानं गाठ दाखवायची. दोन काड्यांमध्ये हात मावेल इतकी जागा ते सोडत गेले. बोलणं जवळजवळ नाहीच. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, चहा निवला, मी फक्त शिडी सरकवत होते.

1953 मध्ये रॉबर्ट रॉशेनबर्ग या अमेरिकन चित्रकारानं विलेम द कूनिंगकडून एक रेखाटन मागून घेतलं आणि ते खोडून काढलं. तो जवळजवळ कोरा कागद आज सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आहे. शिकताना आम्हाला ते उदाहरण मोठ्या आदरानं सांगितलं जाई आणि मलाही ते आवडायचं. पण त्या सकाळी जे घडत होतं ते माझ्या मते त्याहून अवघड होतं. काय राहायला हवं हे नक्की माहीत असलेला हात पुसत होता. प्रत्येक पुसण्यामागे पुढच्या मार्चचा माल होता.

त्या काळ्या भागाशी अंगठा अडला. डिंकाचा कोळसा तो, निघेना, नुसता फासला गेला. "ही निघत नाही," ते म्हणाले. मी सांगितलं, ती दुसऱ्या कोळशाची आहे, आणि खाली कुठल्या सालचं पान आहे तेही सांगितलं.

मामांनी अंगठा पँटला पुसला. "त्या साली माल अडकला होता. आम्हाला वाटलं मजुरी आता पुढच्या छाटणीला. पण आबांनी सगळ्यांची एकरकमी दिली. गाडी विकली होती ना."

ती मोटारसायकल मला आठवते. एका सुट्टीत घरी गेले तर ती नव्हती, आणि चुलत्यांना दिली असं मला सांगितलं होतं. मी चित्राजवळ जाऊन ते पान वाचलं. कोळशाच्या फटीतून ओळ दिसत होती: मजुरी, पूर्ण. माझ्याच चित्रात ती चिकटवलेली होती. तिच्यावर काळं मीच घासलं होतं, ती वाचूनच. "पूर्ण" या नोंदीत काय काय आहे ते मला मामा आले नसते तर कळलं नसतं.

"राहू द्या ही," मामा त्या न निघणाऱ्या काड्यांकडे बघून म्हणाले. "एखादी राखतात खोडावर. पुढच्या सालाला लागते." आणि त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंच्या काड्या पुसून वाट मोकळी केली.

आई-आबा आले तेव्हा आबा आणि मामा आधी नुसते एकमेकांचे हात धरून उभे राहिले. आबा माझ्या गाळ्यात सहसा येत नाहीत. चित्रांबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत, चांगलंही नाही. बाग काढल्यानंतर तिची चित्रं भिंतीवर बघणं त्यांना जड जात असणार असं मी धरून चालले होते. त्या दिवशी ते सरळ भिंतीपाशी गेले.

"हे कुणी छाटलं?"

"मी," मामा म्हणाले.

"गाठीच्या पुढं अजून एक डोळा ठेवायला पाहिजे होता. थॉमसनला एवढं आखूड चालत नाही."

"काडी जाड आहे आबा. जाड काडीला चालतं."

"कुठं जाड? ही बघ." आबांनी खिशातून चष्मा काढला.

दर ऑक्टोबरात बांधावर ऐकलेलं ते भांडण मी पुन्हा ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं. शेवटी आबांनी मला कोळसा मागितला आणि दोन-तीन काड्या त्यांच्या हातानं एकेक डोळा वाढवून दिल्या. त्यांची रेघ थरथरती, वहीतल्या अक्षरासारखीच बारीक आहे. ती ओळखू येते. मोटारसायकलचं मी जेवताना विचारलं. "माणसं पेठहून यायची, त्यांना मोकळ्या हातानं कसं पाठवायचं," आबा म्हणाले आणि मामांच्या पानात भाकरी वाढायला त्यांनी आईला खूण केली.

मी पुढे चित्राला हात लावला नाही. स्पिरिटमध्ये पातळ विरघळवलेली लाख फवारून कोळसा पक्का केला. पुसलेल्या काड्यांच्या राखाडी छाया, अंगठ्याचे ठसे, आबांचे डोळे, सगळं आहे तसं ठेवलं. उरलेल्या काड्यांना गेरूचे ठिपके मात्र मी दिले, ते माझं काम होतं.

चित्र विकलं गेलं तर त्यातला तिसरा हिस्सा मामांचा, हे मी आबांसमोरच त्यांना सांगितलं. त्यांनी आधी नको म्हटलं, मग आबांनी समजावल्यावर हो म्हणाले. हे मी आबांच्या शेवटच्या वहीत कोऱ्या राहिलेल्या पानावर तारीख घालून लिहिलं आहे. आणि चित्राखालच्या पाटीचंही ठरवलं. माध्यमांमध्ये वेलीचा कोळसा, गेरू, मोरचूद, वहीची पानं, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत "छाटणी" असं लिहून मामांचं नाव. त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या मुलीला फोन लावला. तिनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका एकेक करून सांगितलं, मी वाचून दाखवलं, आणि आडनावातली एक वेलांटी तिनं दुरुस्त करून घेतली.