'डमी'ची खरखर घरी जमवताना: नोंद चौथी

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की खरखरीचा प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या तबकडीची खरखर घालणारा जोड-प्रोग्राम) लावला की पोर्टिसहेडचा, म्हणजे 'डमी' हा अल्बम काढणाऱ्या ब्रिटिश बँडचा, माहोल आपोआप येईल. नाही आला. खाली माझी गुळगुळीत पेटी आणि वर कोणीतरी भजी तळतंय, एवढंच ऐकू येत होतं.

म्हणून परत 'डमी' लावला. ऑगस्ट १९९४, ११ गाणी, ४९ मिनिटं. कागदोपत्री हे दोघांचं काम: जेफ बॅरो आणि गायिका बेथ गिबन्स. गिटारवाला एड्रियन अटली बहुतेक गाण्यांत आहे, सहनिर्माताही आहे, पण तेव्हा बँडचा अधिकृत सदस्य नव्हता. (मला हे कधीच पटलेलं नाही.) बॅरो ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत टेप ऑपरेटर होता, मॅसिव्ह अटॅक या बँडच्या 'ब्लू लाइन्स' अल्बमचं रेकॉर्डिंग तिथे चालू असताना. म्हणजे टेप हाताळण्यातच त्याची उमेदवारी गेली.

आपण सगळे 'डमी'वरच्या 'सावर टाइम्स'मधलं लालो शिफ्रिनचं सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) आणि 'ग्लोरी बॉक्स'मधलं आयझॅक हेजचं सॅम्पल यांवरच बोलत बसतो. पण माझं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. ही मंडळी स्वतः वाजवलेलं विनाइलवर कापून घ्यायची, त्या तबकड्या स्टुडिओच्या जमिनीवर टाकून त्यांवरून चालायची, स्केटबोर्डसारख्या घसरवायची, आणि मग त्याच रेकॉर्ड प्लेअरवर लावून सॅम्पल उचलायची. बिघडलेल्या अँप्लिफायरमधूनही आवाज काढून घेतलाय. सगळा मळ सॅम्पल घ्यायच्या आधीच, एकेका वाद्यावर. मी तो शेवटी, अख्ख्या मिक्सवर शिंपडत होतो.

पहिला प्रयोग फुकटातला. ओरखडे पडलेली एक एलपी घरात होती, ती लावून नुसतं ऐकलं. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी बरोबर १.८ सेकंदांची होते. त्यामुळे आडवा ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदांनी 'टक्' येतो, अगदी इमानेइतबारे. लूपचा (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याचा) वेग साधारण ६७ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ६७ ठोके, असेल तर हा टक् दर दोन ठोक्यांनी पडणार, आणि वेग थोडा इकडेतिकडे असेल तर हळूहळू सरकत जाणार. माझ्या प्लगइनची खरखर कुठेही कशीही पडते, म्हणून ती भज्यांसारखी वाटते.

तबकडी कापून घेणं खिशाला झेपणारं नाही. रविवारी जुन्या बाजारातून कॅसेट डेक आणला. विकणारा म्हणाला, "चालू आहे, फक्त जरा गातो." गातो म्हणजे फीत फिरवणारा बेल्ट सैल आहे, सूर डगमगतो. मला तेच हवं होतं!

पेटी काळी दोनमध्ये, ९० बीपीएमला, चार सुरांची साधी फिरती ओळ. टेपवर घेतली, वाजवली, कॉम्प्युटरवर परत घेतली. सूर घसरून जवळजवळ पांढरी दोन झाला आणि वेग ८५ वर आला. शिवाय लांब सुरांना एक हेलकावा आलाय, भात्याचा नाही, बेल्टचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पेटीला काय झालं?" मी खूश.

मग हेडजवळचा (फीत वाचणाऱ्या भागाजवळचा) बारीक स्क्रू फिरवला. पाव आटा फिरवला की वरचा चकाकता भाग गायब आणि पेटी शेजारच्या घरात वाजतेय असं वाटतं. अर्धा आटा फिरवला तर नुसता गाळ. पाव आट्यावर थांबा, आणि आधी स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. मी ठेवली नाही. आता माझ्या जुन्या कॅसेट या डेकवर नीट वाजत नाहीत.

ड्रमसाठी एका मित्राला पकडलं. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे दर चार बारला (आवर्तनांना) मधली जागा फटक्यांनी भरायची सवय. दहा वेळा सांगितलं की काहीही करू नकोस. 'डमी'वर ड्रमर क्लाइव्ह डीमर किती कमी वाजवतो ते ऐकवलं, तेव्हा म्हणाला, "याला पैसे पूर्ण देतात का?" शेवटी एकाच माइकवर, स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) रुमाल टाकून, दोन बार मिळाले. टेपवर जाऊन आले तेव्हा स्नेअरचा फटका पुठ्ठ्यासारखा झाला होता. एका चांगल्या टेकची (एका दमात घेतलेल्या रेकॉर्डिंगची) फीत डेकने खाल्ली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली, पण तिथे चुणी पडलीय. चुणीवर आवाज क्षणभर बुडतो. तो टेक ठेवलाय, बहुधा तोच वापरेन.

काल रात्री पेटी आणि ड्रम एकत्र लावून सॅम्पलरवर सगळं तीन पट्ट्या खाली उतरवलं. आठ बारचा लूप पाऊण तास ऐकला, कंटाळा आला नाही. प्लगइन काढून टाकलाय.

आता गाणाऱ्याचा आवाज. 'डमी'वरचं 'रोड्स' हेडफोनवर लावून ऐका. खालचं सगळं थरथरतंय आणि गिबन्सचा श्वास मात्र कानाला लागतो. म्हणून गाणाऱ्याचा आवाज टेपवर न्यायचा नाही असं ठरवलंय. धाकटी बहीण गायला तयार आहे, गोधडी डोक्यावर घेऊन. पण तिचा 'स' (सूर नव्हे, अक्षर) माझ्या स्वस्त माइकवर फार टोचतो. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घेऊन पाहिला, फरक पडला पण पुरेसा नाही. तुम्ही काय करता? फाइलचं नाव सध्या 'मळ_०७' आहे.