शेंदरी कोट

माझं कपाट उघडलं की ढगाळ वातावरण वाटायचं. राखाडी, काळा, गडद निळा, मग पुन्हा राखाडी. थंडी सुरू झाली की त्यात आणखी एक काळं जॅकेट चढायचं. नवा कपडा घेताना हात आपोआप 'कशावरही चालेल' अशा रंगाकडे जातो, कारण पुढची पाच वर्षं त्याला पैसे वसूल करून द्यायचे असतात. वापरलेल्या कपड्यांच्या रांगेत हे ओझं नसतं. तिथे यंदाच्या फॅशनचं काहीच चालत नाही. कुणाचा तरी तीस वर्षांपूर्वीचा उत्साह आणि कुणाचा तरी गेल्या वर्षीचा पश्चात्ताप एकाच दांडीवर शेजारी शेजारी लटकत असतात.

त्या दांडीवर हा कोट होता. गुडघ्यापर्यंत लांब, रुंद कॉलरचा, आणि रंग शेंदरी. विटकरी वगैरे नाही, अगदी धडधडीत शेंदरी.

मी आधी हात लावतो, मग बघतो, ही सवय जुनी आहे. कापड जड होतं आणि मुठीत चुरगाळून सोडलं की परत फुलत होतं. मग नेहमीची तपासणी केली. काखेतली शिवण, कॉलरची आतली बाजू, बाह्यांच्या कडा, बटणांच्या मागचं कापड. कपडा म्हातारा होतो तो याच ठिकाणी. उजेडासमोर धरला तर पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोकं दिसली. कसर लागलेली. ओला पांढरा रुमाल आतल्या दुमडीवर घासून पाहिला, रंग उतरला नाही.

आतल्या लेबलावर लोकरीच्या लडीसारखं वूलमार्कचं, म्हणजे शुद्ध लोकरीच्या कपड्यावर असतं ते चिन्ह होतं. ते चिन्ह १९६४ साली आलं, म्हणजे कोट त्याहून जुना नाही, एवढं कळलं. अर्थात लेबल कुठलंही कुठेही शिवता येतं. म्हणून घरी आणल्यावर आतल्या शिवणीतला एक धागा ओढून चिमट्यात धरला आणि जाळून बघितला. धागा कुरकुरत पेटला, ज्योत बाजूला नेताच विझला, केस जळल्याचा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली गेली. अस्सल लोकर. पॉलिएस्टर असतं तर वितळून त्याचा टणक मणी झाला असता. (हा प्रयोग बेसिनमध्ये करावा. मी आधी टेबलावर केला होता. त्या डागावर आता फुलदाणी ठेवली आहे.)

कसर हे प्रकरण मात्र गमतीचं नाही. लोकर खातो तो उडणारा पतंग नव्हे, तर त्याची अळी. लोकरीतलं केराटिन तिला पचतं. कपाटात एक कपडा असा शिरला की बाकीच्या लोकरी कपड्यांचं काही खरं नाही. त्यामुळे कोट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हवा काढली, तोंड घट्ट बांधलं आणि दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये कोंबला. तिसऱ्या दिवशी आईने फ्रीजर उघडला.

"अरे, हे काय आहे?"

"कोट."

"बरा आहे ना तू?"

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली नाही. गार कापडावर बाहेरची वाफ धरते, म्हणून आधी दिवसभर तशीच ठेवली.

मग वास. डांबरगोळ्यांचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी मी त्यावर अत्तर मारलं आणि डांबरगोळ्यांनी अत्तर लावल्यासारखं झालं. शेवटी सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवणं हाच उपाय निघाला. उन्हात नाही, नाहीतर शेंदरीचा फिका गुलाबी व्हायचा. आठ दिवस लागले. धुवायच्या फंदात पडलो नाही. पूर्वी एक लोकरी स्वेटर गरम पाण्यात घुसळला होता. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, उष्णता आणि घुसळणीने ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. तो स्वेटर आज एका बाहुलीला घट्ट बसेल.

भोकं रफू करायला आणि बाह्या लांब करायला टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी मला कोट घालायला लावला, खांद्यांवर हात ठेवला आणि "खांदा बसलाय, मग बाकीचं बघू" म्हणाले. बाहीच्या आत दीड इंच कापड दुमडलेलं निघालं, तेवढी बाही वाढली. रफूसाठी धागा विकत आणावा लागला नाही, कोटाच्याच आतल्या दुमडीतून काढला. तीनपैकी दोन भोकं आता मलाही सापडत नाहीत.

बटणं लावताना मात्र बोटं अडखळायला लागली. काका हसले. "लेडीज कोट आहे हा. बटणं डावीकडे आहेत."

"बदलता येतील?"

"बटणं हलतात हो. काजं कशी हलवू?"

मी दोन मिनिटं आरशासमोर उभा राहिलो. खरं तर शेंदरी रंग अंगावर चढवायचं ठरवल्यावर बटणांची लाज धरण्यात काय अर्थ होता? राहू द्या म्हटलं.

डाव्या खिशाचा तळ कधीतरी फाटला असावा. कुणीतरी निळ्या धाग्याने, मोठ्या मोठ्या टाक्यांनी शिवलाय. दोरा संपत आल्यावर शेवटचे दोन टाके घाईत मारलेले कळतात. काका ते उसवून नीट शिवून देणार होते, मी नको म्हटलं.

पहिल्या दिवशी शेंदरी कोट अंगात आणि बाकी सगळं काळं, असा घाबरत बाहेर पडलो. त्या आठवड्याच्या शेवटी गळ्यात मोरपंखी मफलर आला. तोही वापरलेलाच. महिनाभरात जांभळे मोजेही आले, त्यांच्याबद्दल घरात दोन मतं आहेत.

परवा जुनं राखाडी जॅकेट घातलं, तर बटणं लावताना हात चुकीच्या बाजूला गेला.