वीस ग्रॅम पूड, अर्धा तास: फिल्टर कॉफीच्या नोंदी

जानेवारी

बेंगळुरूला येऊन मला चार वर्षे झाली, पण घरी नेमाने फिल्टर कॉफी करण्याचा प्रयत्न यंदाच्या संक्रांतीनंतर सुरू झाला. पुण्याच्या आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळून वर जायफळ किसून घातलेली, पाहुण्यांसाठी किंवा जागरणासाठी करायची वस्तू होती. त्यामुळे कॉफीचा अर्क आधी वेगळा उतरवायचा आणि दुधाची भेट त्याच्याशी अगदी शेवटी, पेल्यातच घडवायची, ही रीत मला पहिल्यापासून शिकावी लागली. त्या अर्काला इथे सगळे डिकॉक्शनच म्हणतात आणि या नोंदींतही मी तोच शब्द ठेवला आहे.

भांडे साधेच असते. तळाला बारीक भोके असलेले वरचे भांडे, त्यात पुडीवर ठेवायची दांड्याची सच्छिद्र चकती, खाली डिकॉक्शन साठवणारे भांडे आणि झाकण. यात कागद नाही, वाफेचा दाब नाही, विजेचा संबंध नाही. पाणी स्वतःच्या वजनाने पुडीतून खाली उतरते, आणि म्हणून ते किती वेळात उतरते यावरच जवळजवळ सगळे अवलंबून असते. हे मला आज कळते आहे. जानेवारीत मी केवळ पुडीचे प्रमाण बदलत बसलो होतो.

सुरुवातीला मी सहा कपांचा मोठा फिल्टर आणला, कारण पाहुणे आले तरी तो पुरेल असा विचार होता. २० ग्रॅम पूड आणि १६० मिलिलिटर पाणी घातल्यावर सहा मिनिटांत सगळे पाणी खाली आले. रंग चहासारखा होता आणि दुधात घातल्यावर कॉफीची चव औषधापुरतीही उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी चकती जोर लावून दाबली, तेव्हा अगदी उलट घडले: तीन तासांनंतरही निम्मे पाणी वरच होते आणि खाली उतरलेले डिकॉक्शन कडू व गार झाले होते.

शेजारच्या अज्जींना मी तो फिल्टर दाखवला. त्यांच्या घरी पहाटे पाचला फिल्टर चढतो, आणि जिन्यात येणाऱ्या त्या वासामुळेच मी या नादाला लागलो आहे. त्यांनी पुडीबद्दल काहीच विचारले नाही. घरात कॉफी पिणारी माणसे किती, एवढेच विचारले. आम्ही दोघेच, असे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या फळीवरचा लहानसा स्टीलचा फिल्टर माझ्या हातात ठेवला आणि मोठा फिल्टर लग्नकार्यासाठी असतो, असे सांगितले.

घरी येऊन मी दोन्ही भांडी मोजली. मोठ्या फिल्टरचा आतला व्यास ९ सेंटिमीटर आहे आणि त्यात २० ग्रॅम पुडीचा थर जेमतेम एक सेंटिमीटर होतो. लहान फिल्टरचा व्यास साडेपाच सेंटिमीटर असल्यामुळे तीच पूड त्यात सव्वादोन सेंटिमीटरपर्यंत चढते. पूड तेवढीच असली, तरी पाण्याला दुपटीहून अधिक जाडीच्या थरातून वाट काढावी लागते, आणि त्या वाटेवरच ते कॉफी उचलते. फिल्टर घेताना भांडे पुडीने निदान एकतृतीयांश भरेल असा घ्यावा, हे ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांना मी सर्वांत आधी सांगेन.

लहान फिल्टरने मात्र एक नवे कोडे घातले. पहिले वीसेक मिलिलिटर डिकॉक्शन नीट उतरायचे आणि मग ठिबकणे थांबायचे. पूड फार बारीक असेल, भोके बुजली असतील, असे तर्क करत मी आठवडाभर घालवला. भोके सुईने मोकळी केली, तळ गॅसच्या ज्योतीवर धरून अडकलेले कण जाळले, तरी फरक पडला नाही. एका सकाळी वैतागून मी वरचे भांडे किंचित उचलले, तर फुस्स असा आवाज झाला आणि धार पुन्हा सुरू झाली. दोन्ही भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसत होती, की खालच्या भांड्यातल्या हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती. गरम थेंबांनी ती हवा तापून फुगत होती, तिच्यात वाफेची भर पडत होती, आणि तिचा दाब वरच्या पाण्याला अडवून धरत होता. आता मी पाणी ओतल्यावर दोन मिनिटांनी वरचे भांडे एकदा उचलून सैलसर बसवतो. ज्यांचे ठिबकणे अर्ध्यावर थांबते, त्यांनी पुडीला दोष देण्याआधी हे करून पाहावे.

फेब्रुवारी

हा महिना ओतण्याच्या पद्धतीत गेला. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, आणि भांड्यातून फिल्टरमध्ये पडेपर्यंत आणखी दोनतीन अंश उतरते. उकळते पाणी घातले तर कॉफी बिघडेल ही भीती त्यामुळे मी सोडून दिली. उलट पाणी कोमट झाले की डिकॉक्शन आंबट आणि पोकळ लागते.

सध्याची रीत अशी आहे. पूड घालून भांडे एकदोनदा हलकेच आपटून थर सपाट करायचा. चकती ठेवून तिच्या दांड्यावर बोटाचे वजन पडेल इतकेच दाबायचे, मनगटाचे नव्हे. मग ३० मिलिलिटर पाणी चकतीवरून गोल फिरवत ओतायचे आणि अर्धा मिनिट थांबायचे. ताज्या भाजलेल्या पुडीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड या वेळात बाहेर पडतो आणि पूड सारखी भिजते. तसे केले नाही तर पाणी कोरड्या गाठींना वळसा घालून जाते. त्यानंतर उरलेले ८० मिलिलिटर घालायचे. एकूण ११० मिलिलिटरपैकी सुमारे ४० पुडीतच राहते आणि ७० खाली येते. दोन पेल्यांना तेवढे पुरते.

पुडीच्या दळणाबाबत मी स्वतः काही करायचे नाही असे ठरवले. मल्लेश्वरममध्ये बिया समोर दळून देणारी दुकाने आहेत, आणि दुकानदाराला फिल्टरसाठी हवी आहे असे सांगितले की तो रव्याहून बारीक पण पिठीसाखरेहून जाड अशी पूड देतो. बोटांत घासली की खर जाणवली पाहिजे. मी एका वेळी २०० ग्रॅमच घेतो, कारण दहाव्या दिवसानंतर डब्याच्या वासात आणि पेल्यातल्या चवीत पडलेला फरक मला डोळे मिटूनही ओळखता येतो.

मार्च

पाण्याने मला या महिन्यात अनपेक्षित धडा दिला. उन्हाळ्यात कावेरीचे पाणी कमी झाले आणि आमच्या इमारतीच्या टाकीत टँकरचे बोअरवेलचे पाणी येऊ लागले. पूड, माप आणि वेळ काहीही बदललेले नसताना डिकॉक्शन एकदम मिळमिळीत झाले: रंग गडद, पण चवीला धार नाही. जड पाण्यातले क्षार कॉफीतली आम्लता मारून टाकतात, आणि अरेबिका या जातीच्या कॉफीची सगळी टवटवी त्या आम्लतेतच असते. घरच्या शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने केल्यावर चव परतली, पण थोडी पातळ वाटली, म्हणून सध्या मी तीन भाग यंत्राचे आणि एक भाग नळाचे पाणी मिसळून वापरतो.

एप्रिल

या महिन्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझा एक पक्का समज याच महिन्यात मोडला. चिकोरी म्हणजे भेसळ, असे मी धरून चाललो होतो. तिचे मूळ भाजून, दळून कॉफीत मिसळतात. युरोपात तिचा प्रसार वाढला तो नेपोलियनच्या काळात, १८०६ साली ब्रिटनशी होणाऱ्या व्यापारावर बंदी आल्यावर कॉफी दुर्मीळ झाली तेव्हा. म्हणजे तिची ओळखच टंचाईतली आहे. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. हे वाचून माझा संशय अधिकच वाढला होता.

तरीही मी एकाच भाजणीच्या बियांपासून चार पुड्या करून घेतल्या: शुद्ध कॉफीची, आणि १०, २० व ३० टक्के चिकोरी घातलेली. बिया प्लँटेशन ए आणि पीबेरी निम्म्या-निम्म्या होत्या. प्लँटेशन म्हणजे फळाचा गर पाण्याने धुऊन काढलेली अरेबिका. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते, ते वेचून काढलेले दाणे. प्रत्येक पूड मी सलग चार दिवस वापरली आणि वेळ, रंग व चव वहीत लिहीत गेलो.

शुद्ध कॉफीचे डिकॉक्शन १८ मिनिटांत उतरले. काळे प्यायला ते चौघांत निर्विवाद सर्वोत्तम होते, फळाचा हलका आंबटपणा आणि मागे कोकोची आठवण. पण १०० मिलिलिटर गरम दूध घालताच ते दुधात हरवले. १० टक्क्यांना २३ मिनिटे लागली आणि २० टक्क्यांना ३१. चिकोरी पाणी धरून फुगते, त्यामुळे थर घट्ट होतो आणि पाणी पुडीत अधिक काळ रेंगाळते. शिवाय कॉफीचा फार तर ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, तर चिकोरीचा त्याहून कितीतरी मोठा भाग विरघळतो, म्हणून डिकॉक्शनला काकवीसारखा दाटपणा येतो आणि तो दुधापुढे टिकून राहतो. ३० टक्क्यांना मात्र भाजलेल्या मुळाची गोडसर-कडू चव पुढे आली आणि कॉफी मागे पडली. या शहरात दुकानदार पूड बांधण्याआधी ‘एटी-ट्वेंटी?’ असे का विचारतात, ते मला त्या दिवशी समजले. दुधाची कॉफी करायची असेल तर चिकोरी हा तिचा आधार आहे, असे मी आता ठामपणे म्हणेन. स्वतःसाठी मी १५ टक्क्यांवर थांबलो. तिथे वेळ २७ ते २८ मिनिटे येतो.

मे

आई महिनाभर राहायला आली. पहिल्या दिवशी तिने पेल्यात जायफळ आहे का ते हुंगून पाहिले आणि नाही म्हटल्यावर थोडी नाराज झाली. तिसऱ्या दिवशी मात्र ती स्वतः डवऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डवऱ्यात कॉफी ओतत होती, आणि तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर होता. या ओतण्याने साखर ढवळली जाते, कॉफी पिण्याजोगी निवते आणि वर फेस येतो. फूटभर उंचीवरून ओतण्याचे कौतुक असले, तरी वीतभर उंची आणि तीन फेऱ्या पुरतात. त्याहून जास्त केल्यास कॉफी गार होते.

दुधाची तुलनाही तिच्याच आग्रहाने झाली. ३ टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधात कॉफी धारदार लागते, पण घोट लवकर संपतो. ६ टक्क्यांच्या मलईयुक्त दुधात तीच कॉफी जिभेवर रेंगाळते. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीच्या नावामागे दुधाची शुद्धता मापकाने अंशांत मोजण्याची चाल होती असे सांगतात, आणि ते दूध चाखून पाहिल्यावर पटते. दूध एकदाच उकळावे आणि लगेच वापरावे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या दुधाचा वास कॉफीच्या वासावर बसतो. डिकॉक्शन तर कधीच उकळू नये. सकाळचे उरले तर मी ते झाकून शीतकपाटात ठेवतो आणि संध्याकाळी त्याची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करतो.

अज्जींनी याच महिन्यात त्यांच्या सासूबाईंचा पितळी फिल्टर मला वापरायला दिला. त्याच्या आतली कल्हई जागोजागी उडाली होती, आणि कॉफी आम्लधर्मी असल्यामुळे तो तसाच वापरणे योग्य नव्हते. जवळपास कल्हई करणारा मला सापडला नाही. परतताना आईने तो पुण्याला नेला, कसब्यातल्या तांबट आळीत देऊन कल्हई करून घेतला आणि ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवला. आतून चांदीसारखा लखलखणारा तो फिल्टर पाहून अज्जींनी बराच वेळ हातात धरून ठेवला, आणि मग पुन्हा माझ्याच हवाली केला.

जून

पितळी फिल्टर जाड पत्र्याचा आहे. आधी गरम पाण्याने तापवून घेतला, तर त्यातले डिकॉक्शन २८ मिनिटांनंतर ६१ अंशांवर असते. स्टीलच्या फिल्टरमध्ये ते तेवढ्याच वेळात ५५ पर्यंत उतरते. आधी तापवला नाही तर मात्र पितळच पाण्याची उष्णता ओढून घेते आणि स्टीलहून वाईट निकाल मिळतो, म्हणून ही पायरी मी चुकवत नाही. भोके स्टीलच्या फिल्टरपेक्षा थोडी मोठी आहेत, त्यामुळे पहिल्या मिनिटात बारीक गाळ खाली येतो. डिकॉक्शन पाच मिनिटे न हलवता ठेवले की तो तळाशी बसतो आणि वरचे निवळ अलगद ओतून घेता येते.

पुढच्या प्रयोगासाठी काल अरेबिकात चौथा हिस्सा धुतलेली रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, घालून २०० ग्रॅम पूड दळून आणली आहे, चिकोरी १५ टक्केच ठेवून. रोबस्टाने दाटपणा वाढला तर चिकोरी १० टक्क्यांवर आणता येईल का, ते पाहायचे आहे. आज सकाळी तिचे पहिले ७० मिलिलिटर उतरायला ३० मिनिटे लागली. अज्जींना एक पेला नेऊन दिला. त्यांनी अर्धा पिऊन पूड कुठल्या दुकानातली ते विचारले.