रिलिव्हरची ड्युटी

सोमवार, दुपार

रिलिव्हर, म्हणजे दुसऱ्या वॉर्डात नर्स कमी पडली की तिथली बदली ड्युटी, लागली की मुलींचे चेहरे पडतात. आपला वॉर्ड सोडून परक्या वॉर्डात जायचं. औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी कोण लिहितं, तिथल्या इन्चार्ज सिस्टरांचा स्वभाव कसा, काही ठाऊक नसतं आणि पाय ठेवल्या ठेवल्या ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा, घ्यायची. ड्युटी लिस्ट माझ्याकडे असते. काल रात्री आमच्या मेडिसिन वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरला सर्जिकल आयसीयूत पाठवावं लागलं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन तिला दीड वर्ष झालंय. "ताई, दुसरं कुणीच नाही का?" एवढंच म्हणाली आणि गेली.

मध्यरात्रीनंतर राऊंडला गेले तर ती लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनळीत नळी टाकताना घसा दाखवणारं दिव्याचं उपकरण, उघडून बसली होती. ब्लेड बसवलं, दिवा लागेना. वॉर्डबॉय मामांना सेल आणायला पिटाळलं. तेवढ्या वेळात हाताने श्वास द्यायची अँबू बॅग हातावर दाबून पाहिली, सक्शनची नळी पाण्यात धरून ओढ बघितली, मग एकेका बेडपाशी जाऊन इन्फ्युजन पंपावरचा आकडा फाइलमधल्या ऑर्डरशी ताडला. हे कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओव्हरमध्ये तर "सगळं ओके आहे" एवढंच मिळालं होतं. पहाटे एका पेशंटला नळी टाकायची वेळ आली आणि डॉक्टरांच्या हातात तोच लॅरिंगोस्कोप होता, चालू स्थितीत.

सकाळी चहा घेताना तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतल्या कुणा ट्रॅव्हल नर्सचा व्हिडिओ. "ताई, मला असं काम करायला आवडेल. पण मी पडले जीएनएम."

घरी आल्यावर झोप लागली नाही. तिला जे सांगायचं ते नीट लिहूनच काढावं म्हटलं.

ट्रॅव्हल नर्स म्हणजे जिथे नर्स कमी पडतात तिथे एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीसाठी जाणारी नर्स. अमेरिकेत हे कंत्राट बहुधा १३ आठवड्यांचं असतं. १९७८ च्या सुमाराला न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्रासच्या उत्सवाला माणसांची झुंबड उडायची, तेव्हा बाहेरून नर्स मागवल्या आणि तिथून ही पद्धत सुरू झाली असं सांगतात. पगाराशिवाय राहण्याजेवणाचा भत्ता मिळतो. कोरोनाच्या काळात हे दर भलतेच चढले आणि पुढे उतरले, त्यामुळे त्या वर्षांतले आकडे बघून कुणी आजचा हिशेब मांडू नये. तिथल्या चाळीसहून अधिक राज्यांनी आपसात करार केलाय, त्यामुळे एकच लायसन्स त्या सगळ्या राज्यांत चालतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क मात्र त्यात नाहीत.

व्हिडिओत समुद्रकिनारा आणि भाड्याचं छान घर दिसतं. दिसत नाही ते असं, की नव्या हॉस्पिटलची ओळख करून घ्यायला तिला जेमतेम एखाद-दुसरी शिफ्ट मिळते आणि मग पेशंटांचा पूर्ण भार अंगावर. म्हणून तर एजन्सी आधी त्याच विभागातला एक-दोन वर्षांचा ताजा अनुभव मागते. अनोळखी वॉर्डात शिरून पहिल्याच रात्री धोका कुठे आहे ते हुडकणं, याच कसबाचे तिला पैसे मिळतात. काल रात्री आमच्या पोरीने तेच केलं. तिला ते माहीत नाही, एवढंच.

बुधवार

"पडले जीएनएम" हे डोक्यातून जात नाही. आमच्या भागातल्या कितीतरी मुली असंच बोलतात. जीएनएम ३ वर्षांचं, त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. सायन्सची ट्यूशन आणि वरचं एक वर्ष घराला झेपलं नाही, म्हणून मुलगी जीएनएमला आली. त्यात हुशारीचा प्रश्न कुठे येतो? आणि दारही बंद होत नाही. नोंदणी झाली की २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग २ वर्षांचं एमएस्सी. शिकवायची आवड असेल तर पाठ्यनिर्देशिका होता येतं. गावाकडे राहायचं असेल तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची वाट आहे. बाळंतपणात हात चांगला असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरीचं १८ महिन्यांचं शिक्षण आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

तिच्यापुरतं सांगायचं तर आधी नॉरसेट. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची ही परीक्षा बीएस्सीवाल्यांना लगेच देता येते. जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या किंवा त्याहून मोठ्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो. तिचे सहाच महिने राहिलेत. सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ४४,९०० रुपये. हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. नर्सिंग स्कूलमध्ये आम्ही मुलींना बेड मेकिंगपासून सगळं शिकवतो, पण पुढे कुठे कुठे जाता येतं हे सांगायला एक तास ठेवत नाही. मग ती माहिती एजंट देतो, त्याच्या सोयीची तेवढीच.

अमेरिकेचं म्हणाल तर नर्सच्या लायसन्ससाठीची एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा सगळ्यांना सारखीच, आणि तिचं केंद्र मुंबईतही आहे. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते संगणक ठरवतो. जीएनएमचे तास आणि विषय तपासून पात्रता ठरते, राज्याराज्यांत नियम वेगळे, पण जीएनएम म्हणून सरसकट नकार नाही. खरा वेळ जातो व्हिसाच्या रांगेत. ईबी-३, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या कायमच्या व्हिसाची, रांग वर्षानुवर्षं लांबते, आणि तिथे पोचल्यावर आधी ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे कराराची मुदत पुरी करावी लागते. फिरतीचं काम त्यानंतरचं. तोवर हात रिकामा ठेवायचा नाही, नोकरीत खंड पडू द्यायचा नाही.

इंग्लंडला संगणकावरची परीक्षा इथेच देता येते आणि प्रात्यक्षिक, म्हणजे ओस्की, तिकडे गेल्यावर. आखाती देशांसाठी प्रोमेट्रिकची संगणकावरची परीक्षा आणि डेटाफ्लोकडून कागदपत्रांची पडताळणी. जर्मनीसाठी जर्मन भाषा बी-२ या पातळीपर्यंत. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे, तेव्हापासून आमच्याकडच्या मुली जर्मनचे क्लास विचारायला लागल्यात. भाषेला कुणी हलकं समजू नये. पेशंटला नेमकं कुठे आणि कसं दुखतंय हे त्याच्या बोलीत कळलं नाही तर बाकीचं शिक्षण तिथेच अडतं.

गुरुवार

बाहेर जाणाऱ्या मुलींना नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने सांगितलं होतं की ५० खाटांहून लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका पगार. इतकी वर्षं झाली तरी त्याहून कमी पगारावर राबणाऱ्या मुली मला माहीत आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात किती असतात ते कुठल्याही नाईटला येऊन बघावं.

ही मुलगी गेली तर माझ्या ड्युटी लिस्टमध्ये खड्डा पडेल आणि तो भरायला मला महिने लागतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तिने जावं. तिच्या आईने धुणीभांडी करून तिची फी भरली आहे.

शनिवार

आज तिची कागदपत्रं घेऊन बसलो. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने. मागच्या वर्षी लग्न झालं, आधारवर सासरचं नाव आलं आणि आता त्यावरून पासपोर्ट काढायला निघाली होती. थांबवलं तिला. परदेशी पडताळणी करणाऱ्याला ही तीन वेगवेगळी माणसं दिसतात. आपल्याकडच्या मुलींची प्रकरणं इथेच सगळ्यात जास्त अडकतात, परीक्षेत नव्हे. एकतर सगळीकडे माहेरचंच नाव ठेवायचं, नाहीतर कौन्सिलपासून पासपोर्टपर्यंत एकदाच बदलून घ्यायचं आणि विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं गॅझेट जपून ठेवायचं. दर पाच वर्षांचं नोंदणीचं नूतनीकरणही चुकवायचं नाही.

तिच्या मावसभावाने एक एजंट सुचवलाय, अडीच लाख मागतोय. तिला सांगितलं, भरतीचा परवाना असलेल्या एजंटला कायद्याने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच सेवा फी घेता येते. परवाना आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघता येतं. नवऱ्याला घेऊन जा, परवाना क्रमांक माग. दिला नाही तर उठून ये.

राहिलं अनुभवाचं पत्र. आपल्याकडे छापील मजकूर ठरलेला: "स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक समाधानकारक." तेवढ्यावर तिकडे काहीच कळत नाही. त्यांना तारखा हव्यात, आठवड्याचे तास हवेत, विभाग हवा, खाटा किती ते हवं. मग मी ड्युटी रजिस्टर काढून तिच्या सगळ्या रिलिव्हर ड्युट्या वेगळ्या लिहून काढल्या. सर्जिकल आयसीयू, लेबर रूम, डायलिसिस, बर्न्स. ते पान मोठं झालं. रडत रडत गेलेली प्रत्येक रात्र त्यात आहे.

सोमवारी अधिसेविका मॅडमकडे नवा मसुदा नेणार आहे. प्रत्येक अनुभवपत्रात विभागवार महिने आणि तास लिहायचे, रिलिव्हरचेसुद्धा. एकटीपुरतं नाही, सगळ्या मुलींसाठी. क्लार्कभाऊ म्हणतील फार वेळ जातो. रजिस्टरवरून नोंदी मी काढून देईन, त्यांनी फक्त टाइप करायचं.