ऐंशी किलो गूळ आणि डावीकडं न वळणारी गाडी

उद्यमनगरात आमचं व्हील अलाइनमेंटचं शेड आहे. रोजचं काम म्हणजे इनोव्हा, बोलेरो, पन्हाळ्याच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटून स्टेअरिंग वाकडं झालेल्या स्विफ्ट, असलं. पण कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना आहे त्यामुळं वर्षातनं चार-दोन ट्रॅकच्या गाड्या पण येतात, आणि त्या आल्या की माझं जेवण बोंबलतं.

मागच्या हिवाळ्यात एकजण बीएमडब्ल्यू एम२ घेऊन आला. कॉइलओव्हर (चकती फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकॲबसॉर्बर) टाकलेले, पुढं कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, बदलायची प्लेट, मागं तीन भोकांचा अँटी-रोल बार (गाडी कलू न देणारी दांडी, भोक बदललं की कमी-जास्त कडक होणारी), म्हणजे खर्च करताना माणसानं हात आखडला नव्हता. तक्रार अशी की चेन्नईच्या ट्रॅकवर डाव्या वळणाला गाडी नाक बाहेर काढून सरळ पळते आणि उजव्या वळणाला मागची बाजू सुटायला बघते. सेटिंग मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये करून आणलेलं, रिपोर्टचा कागद पण होता, सगळे आकडे हिरवे. त्यांनी सांगितलेलं, ड्रायव्हिंग सुधारा. बिचारा महिनाभर स्वतःलाच दोष देत होता.

आता ह्या जुन्या पिढीच्या एम२ ला मागं २६५ आणि पुढं २४५ रुंदीचे टायर कंपनीकडनंच यायचे, त्यामुळं थोडं अंडरस्टीअर, म्हणजे नाक बाहेर पळणं, असणारच, त्यात नवल नाही. पण मग ते दोन्हीकडं सारखं पाहिजे की. एका बाजूला पुढचं सुटतंय आणि दुसऱ्या बाजूला मागचं, म्हणजे गाडी कुठंतरी वाकड्या पायावर उभी आहे. त्यानं मात्र शॉकॲबसॉर्बरचे क्लिक फिरवून फिरवून डायरी भरवलेली, आज पुढं दोन घट्ट, उद्या मागं तीन ढिले. क्लिकचा परिणाम गाडी वळणात शिरताना आणि निघताना, म्हणजे बॉडी हलत असताना. एकदा ती एका अंगावर कलून स्थिर बसली की पुढं खेळ स्प्रिंगचा आणि बारचा. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, यूट्यूबवर तर वेगळंच सांगतात."

मी म्हटलं आधी वजन करू. चार काटे आहेत माझ्याकडं, पण शेडची फरशी काय लेव्हलात नाही, सकाळचे दोन तास पाण्याची नळी घेऊन काट्यांखाली पत्र्याचे तुकडे सरकवण्यात गेले, पोरगं वैतागलं. मग सीटवर ड्रायव्हरचं वजन पाहिजे. मालक स्वतः बसायला तयार होता पण दिवसभर कोण हलल्याशिवाय बसतंय? मेव्हण्याची मार्केट यार्डात गुळाची पेढी आहे, त्याला फोन करून दहा किलोच्या आठ ढेपा मागवल्या, प्लास्टिकात गुंडाळून सीटवर रचल्या. पन्नास लाखाच्या वरची गाडी आणि आत गुऱ्हाळाचा वास.

आकडे असे आले. पुढं डावं ४०८, उजवं ४४६. मागं डावं ४१०, उजवं ३७६. एकूण १६४० किलो. डावी-उजवी बाजू बघितली तर ८१८ आणि ८२२, एकदम झकास, म्हणून वरवर बघणारा फसणार. पण तिरकं जोडा, पुढचं उजवं अधिक मागचं डावं, ८५६ होतात, म्हणजे ५२.२ टक्के, पाहिजेत ५० च्या आसपास. चार पायांच्या स्टुलाचा एक पाय लांब असल्यावर कसं होतं तसं. डाव्या वळणाला बाहेरचं चाक पुढचं उजवं, त्याच्यावर आधीच जास्त बोजा, आणि टायरवर वजन दुप्पट टाकलं म्हणून पकड काय दुप्पट होत नाही. ते बिचारं आधी हात टेकणार. टायर पण तेच बोलत होता, बाहेरची कड पार कुरतडलेली.

पोरगं लगेच स्प्रिंगची चकती फिरवायला सी-स्पॅनर घेऊन आलं. म्हटलं थांब, आधी मागच्या बारची एक लिंक, म्हणजे बारचं टोक चाकाकडं जोडणारा दांडा, सोड. बोल्ट हातानं निघेना, पितळेच्या ड्रिफ्टनं हलकं ठोकल्यावर निघाला आणि टण् करून बारचं टोक बोटभर उडालं. काट्याकडं बघितलं तर पुढं ४२३ आणि ४३१, मागं ३९५ आणि ३९१! तिरकं ५०.४. कुणीतरी एक चाक जॅकवर लोंबकळत असताना लिंक आवळली असणार, दोन लिंकांच्या लांबीत व्हर्नियरवर ९ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे बार सरळ उभ्या गाडीत पण पिळलेलाच, आणि अलाइनमेंटच्या मशीनला यातलं काही दिसत नाही. गाडी जमिनीवर, ड्रायव्हरचं वजन आत, आणि शेवटचा बोल्ट दोन बोटांनी सरकला पाहिजे, इतकं साधं आहे ओ.

उरलेलं चकतीनं ५० च्या आसपास आणलं, पुढचा कॅम्बर उणे १.४ वरनं उणे २.२ केला, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली) परत जुळवला.

दुपारी गावाबाहेर ट्रॅकवर. सात लॅप मारून आला, लगेच टायरमध्ये सुई खुपसून तापमान घेतलं, पुढच्या उजव्याला आत ९१, मध्ये ९०, बाहेर ८८. गरम टायरमधली हवा ३९ पीएसआय झालेली ती ३५ वर आणली. गडी हेल्मेट न काढताच बोलायला लागला, "वळतीय मामा, दोन्हीकडं वळतीय!" थोडं अंडरस्टीअर अजून होतं म्हणून मागचा बार मधल्या, जरा कडक भोकात घेतला, म्हणजे कलण्याचा जास्त भार मागच्या टायरांनी उचलायचा आणि पुढच्यांना जरा मोकळीक. झकास झाली. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. सगळ्यात कडक भोकच पाहिजे म्हणून हट्ट. केलं बाबा. दुसऱ्याच लॅपला शेवटच्या वळणात ॲक्सिलरेटर सोडला आणि गिरकी घेऊन गवतात, तोंड आमच्याकडं. लागलं काही नाही. मुकाट्यानं खाली उतरला आणि पोराकडनं स्वतःच स्पॅनर मागून घेतला.

बिल दिलं, गूळ काढून पेढीवर परत पाठवला, एक ढेप त्यानं विकत घेऊन डिकीत टाकली. आठवड्यानं फोन. मला वाटलं चेन्नईचा लॅप टाइम सांगतोय.

"मामा, सीटच्या रेलमध्ये मुंग्या झाल्यात ओ, काय करू?"